नवा कम्प्युटर, जुन्या फायली (भाग ६) : फाईल आली, मराठी मागेच राहिली

फायली केबलने हलवाव्यात की बाहेरच्या हार्ड डिस्कवरून, याचा निकाल आज लावायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण इथल्याच, जबलपूरच्या गोलबाजारातून एक पत्र आलं आहे आणि ते थांबण्यासारखं नाही.

पत्र लिहिणारे एका मंडळाचे जुने चिटणीस. एक्सपीवाल्या कम्प्युटरवर त्यांनी वर्षानुवर्षं इतिवृत्तं आणि हिशेब टाइप केले. आता मुलाने नवा कम्प्युटर घेऊन दिला. गेल्या भागात सांगितलं तसं त्यांनी ‘माय डॉक्युमेंट्स’ अख्खं उचलून नव्यावर ठेवलं, फायलींची संख्या ताडून पाहिली, सगळं जुळलं. मग गणेशोत्सवाचा हिशेब उघडला, तर ‘वर्गणी’च्या जागी इंग्रजी अक्षरं : ओ, एक्स, कॅपिटल झेड, टिंब, के, एच. ‘व्हायरस शिरला का?’ असं ते विचारतात.

नाही, काका. फाईल शाबूत आहे. तिच्यात पहिल्या दिवसापासून हीच अक्षरं होती. तुम्ही वापरलेला कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. ‘ओ’च्या जागी व दाखव, ‘एक्स’च्या जागी ग दाखव, एवढंच तो सांगतो. फाईल ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये होती, ती आली. मुखवटा ‘सी’ ड्राइव्हवर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये होता, तो तिथेच राहिला.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. मुखवट्याशिवाय, मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायची पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आणि मंगल फॉन्ट आला तो विंडोज २००० बरोबर. एक्सपीतही ती सोय आपोआप चालू नसायची. सेटिंगमध्ये जाऊन खूण करा, विंडोजची सीडी घाला, मग चालू. एवढी यातायात कोण करणार? शिवाय इथे हायकोर्टाचं गाव. टायपिंगच्या क्लासात बोटं रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेली, आणि कृतिदेवची मांडणी रेमिंग्टनचीच. पुण्या-नागपुरातले नातेवाईक श्रीलिपी नाहीतर शिवाजी वापरायचे. आपण जबलपूरकरांनी मराठी लिहिली ती हिंदीवाल्यांच्या फॉन्टात, आणि निभावलीही.

आता उपाय. पहिलं काम जुन्या कम्प्युटरवर. ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून कृतिदेव नावाच्या झाडून सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. एकच घेऊन थांबू नका. ०१० आणि त्याची भावंडं वेगवेगळ्या आकड्यांची असतात आणि तुमच्या फायलीत नेमकं कोणतं आहे ते आज आठवत नसतं. नव्या कम्प्युटरवर त्या फॉन्टच्या फायलींवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा. वर्ड बंद करून पुन्हा उघडा. वर्गणी परत येईल.

इथे बरेच जण ‘झालं’ म्हणून उठतात. पण हा नुसता दिसण्याचा इलाज आहे. कम्प्युटरच्या लेखी तो मजकूर अजूनही इंग्रजीच. शोधच्या चौकटीत युनिकोडमध्ये ‘जबलपूर’ लिहा, एकही फाईल सापडणार नाही, कारण फाईलमध्ये जबलपूर आहे ते टी, सी, वाय, आय, डब्ल्यू, जे असं. मोबाइलवर पाठवलं की पुन्हा तीच गिचमिड.

म्हणून दुसरं काम युनिकोडमध्ये रूपांतर. ते वाटतं तितकं सरळ नाही. ‘किती’ हा शब्द घ्या. कृतिदेवात आधी वेलांटी येते आणि मग क, कारण डोळ्यांना वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे बोलतो त्या क्रमाने. ‘वर्गणी’त तर रफार ग नंतर टाइप केलेला असतो, युनिकोडला तो ग च्या आधी हवा. शिवाय ण एकसंध नाही, अर्धा ण आणि वर काना. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही सगळी हलवाहलव करावी लागते, आणि जोडाक्षरांच्या गर्दीत तो कधीमधी चुकतो. त्यातून हे प्रोग्राम बहुतेक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले. तेव्हा रूपांतर झाल्यावर ळ, ज्ञ आणि ‘दुसऱ्या’तला ऱ्या चष्मा लावून तपासा. मजकुरात खरोखरचं इंग्रजी असेल, एखादा ई-मेल पत्ता वगैरे, तर त्याचंही भलतंच मराठी होतं. ते आधी बाजूला काढा. आणि मूळ फाईल कधीही पुसू नका.

आता माझा आवडता किडा, बारीक वाटेल पण छळतो फार. वर्डला वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करायची खोड आहे. कृतिदेवात छोटा ‘डी’ म्हणजे क आणि कॅपिटल ‘डी’ म्हणजे अर्धा क. जुन्या कम्प्युटरवर ही खोड केव्हाच कुणीतरी बंद केलेली असते. नव्यावर ती पुन्हा चालू, कारण सेटिंग फायलींबरोबर येत नाही. ऑटोकरेक्टमध्ये जाऊन तेवढी खूण काढा. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करा. बोटांची सवय मोडायला नको, युनिकोडमध्येही ‘रेमिंग्टन गेल’ नावाची मांडणी मिळते. थोडी वेगळी आहे, पण हात लवकर बसतो.

पत्रात शेवटी विचारलं आहे, मढातालचा दुकानदार जुना कम्प्युटर घ्यायला तयार आहे, देऊन टाकू का? इतक्यात नको. महत्त्वाच्या फायलींच्या पीडीएफ आधी त्याच जुन्या कम्प्युटरवर करा. फॉन्ट पोटात घेऊन पीडीएफ झाली की मुखवटा चेहऱ्याला कायमचा चिकटतो, पुढे रूपांतर चुकलं तर ताडून पाहायला खरी प्रत हाताशी राहते. मग जुन्याचा प्लग काढून ठेवा आणि यंदाचा अहवाल फक्त नव्यावर, जुन्या हिशेबांचे आकडे घेऊन, पूर्ण करा. तो छापून सभेत वाचला गेला की खुशाल दुकानदाराला बोलवा. हार्ड डिस्क मात्र काढून घ्या, ती भावात धरू नका.