मोटर चालते म्हणून दार ठीक?

अमेरिकेतल्या घरांत गॅरेजच्या दाराचं वजन मोटर नव्हे, स्प्रिंग पेलते. म्हणून तेलपाण्याआधी तोल तपासावा. दार बंद असताना मोटरची जोडणी सोडवून ते हातानं अर्ध्यावर न्या. तिथेच थांबायला हवं. खाली घसरलं तर स्प्रिंग थकली आहे. ‘मोटर तर बिनतक्रार उचलते,’ असं कुणी म्हणेल. पण जादा भार ओढून तीच दोष झाकते. साधी स्प्रिंग सुमारे १०,००० उघडझापांची. रोज चार धरल्या तर जेमतेम सात वर्षं. खाली कुणी अडकू नये अशी सोय १९९३ पासून नव्या मोटरींना सक्तीची आहे, तिचीही दरमहा परीक्षा घ्या: वाटेत दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवली की दार टेकताच वर परतलं पाहिजे. स्प्रिंग कसणं मात्र कारागिरावरच सोपवा. तिच्यातला ताण सुटला तर हाड मोडतं.