औषधाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने प्रत्येक गोष्टीच्या जमा व खर्च अशा दोन्ही बाजू पाहण्याची मला सवय आहे. मनोविकारांवरील औषधेही यास अपवाद नाहीत.

स्किझोफ्रेनियावरील क्लोझापीनचेच उदाहरण घेऊ. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणारे काही रुग्ण, रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटून, जंतुसंसर्गाने दगावले. अनेक देशांत त्याचा वापर थांबला. पुढे १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापीनने सहा आठवड्यांत गुण आला; जुन्या औषधाने केवळ ४ टक्क्यांना. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर औषध परत आले.

म्हणजे येथे तपासणी हाच उपचाराचा अर्धा भाग होय. सुरुवातीचे काही महिने ती दर आठवड्याला करावी लागते. वजन, रक्तातील साखर व बद्धकोष्ठता यांकडेही लक्ष ठेवावे लागते. ताप आला वा घसा दुखू लागला, तर नातेवाइकांनी त्याच दिवशी रुग्णास दाखवावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये. आजार उलटण्याचा धोका असतो.

अनेक कुटुंबांना गोळी परवडते. दर आठवड्याची खेप, तपासणीचे शुल्क आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. तपासणी चुकली की डॉक्टरांना गुणकारी औषधही थांबवावे लागते. देणगीदारांनी तपासणीसाठी दिलेला रुपया म्हणूनच औषधासाठी दिलेल्या रुपयाइतकाच मोलाचा आहे.