प्रवासातून काय आणावं, काय तिथंच ठेवावं?

अंदमानला गेलेली मंडळी किनाऱ्यावरचं प्रवाळ खिशात टाकतात. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हे अनेकांना सामान तपासलं जातं तेव्हाच कळतं. म्हणजे आठवण विकत घेणं वेगळं आणि उचलून आणणं वेगळं. हा फरक समजून घ्यायला समुद्र ओलांडायची गरज नाही. आपला बुलढाणा जिल्हा पुरेसा आहे.

शेगावची गोष्ट सोपी. महाराजांचं दर्शन झालं, की प्रसाद आणि कचोरी. कचोरी घरी न्यायची तर ताजी घ्या आणि त्याच दिवशी संपवा, एवढंच सांगणं.

खामगावच्या चांदीपाशी मात्र जरा थांबू. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून दागिना टिकावा यासाठी तीत तांबं मिसळतात. ९२५ असा शिक्का असेल तर हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी मिश्रधातू. मग एकाच वजनाच्या दोन पैंजणांची किंमत वेगळी का? एक तर शुद्धता वेगळी, नाहीतर मजुरी वेगळी. आणि पुढे मोडायला गेलो, की सहसा पैसे चांदीचे मिळतात, मजुरीचे नाही. म्हणून बिलावर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. मुलीच्या लग्नासाठी चांदी जमवणाऱ्या घराला हा कागद फार मोलाचा असतो.

आता लोणार. इथं उल्का बेसाल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. त्या धक्क्यानं खडक वितळून काच तयार झाली. हे विवर आघातानंच झालं, हे १९७३ साली अशाच खडकांच्या अभ्यासातून पक्कं झालं. चंद्राचा पृष्ठभाग समजून घ्यायलाही त्यांचा उपयोग होतो, कारण तिथंही बेसाल्ट आहे. खडा कुठे, कोणत्या थरात सापडला, यातच त्याची माहिती असते. तो आपल्या शोकेसमध्ये आला, की नुसता काळा दगड उरतो.

‘एका खड्यानं काय होतंय?’ असं आपण म्हणतो. पण येणाऱ्या प्रत्येकानं तेच म्हटलं तर? लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. तिथून फोटो आणावा, खडा नाही. खरेदीची हौस खामगावच्या सराफ्यात भागवावी. तिथं निदान बिल तरी मिळतं.