भत्ता दिला म्हणजे देश गरीब होतो का?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) बहुधा 20 ते 40 या वयात गाठतो. प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. रुग्ण पुढे अनेक दशके जगतो. नोकरी मात्र सुटू शकते, कधी पाय थकण्याआधीच, निव्वळ थकव्यापायी.

स्वीडनमध्ये कार्यक्षमता कायमची गेली तर सरकार भत्ता देते: पाव, अर्धा, पाऊण किंवा पूर्ण, जेवढी क्षमता गेली तेवढा. हाच भत्ता ‘आजारामुळे देशाला पडलेला खर्च’ म्हणून सांगितला जातो आणि गफलत तिथेच होते. सरकारी तिजोरीला तो खर्चच, बुडालेला करही वर. पण अर्थशास्त्राच्या लेखी पैसा करदात्याच्या खिशातून रुग्णाच्या खिशात गेला, नाहीसा झाला नाही. देशाचे नुकसान होते ते न झालेल्या कामाचे. दोन्हींची बेरीज केली की तोच तोटा दोनदा मोजला जातो. मोठ्या आकड्यांचे मथळे म्हणूनच जपून वाचावेत.

आजाराच्या सुरुवातीला एकूण खर्चात महागड्या औषधांचा वाटा मोठा असतो. अपंगत्व वाढले की बुडालेली कमाई आणि घरच्यांची बिनपगारी सेवा.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे. बहुतेक लाभांसाठी मात्र किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि थकवा त्यात सहसा मावत नाही.