विणायला धागा कोणता घ्यावा? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

तिवसा तालुक्यात सीतादहीची शेतपूजा होऊन कापसाची वेचणी सुरू होते, साधारण त्याच सुमारास गावातल्या दुकानांत रंगीत लोकरीच्या गुंड्या टांगल्या जातात. वेचलेला कापूस जिनिंगकडे जातो. थंडीची चाहूल लागलेल्या घरात मात्र बाळाचं टोपडं, मोजे, स्वेटर यांसाठी दुसरीकडूनच आलेला धागा घेतला जातो. तो घेताना जे सल्ले मिळतात, ते बहुतेक धाग्याच्या नावलौकिकावर बेतलेले असतात: नैसर्गिक तेवढं चांगलं, सुती म्हणजे कशालाही चालणारं, मऊ म्हणजे उत्तम, महाग म्हणजे टिकाऊ. या प्रत्येक सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो टिकून राहिला आहे. पण धागा मुळात चांगला किंवा वाईट नसतो. विणलेल्या वस्तूला काय करायचं आहे, ती अंगाला लागणार की दाराला टांगली जाणार, रोज धुतली जाणार की वर्षातून एकदा, ताणली जाणार की सपाट पसरणार, यावर धाग्याची लायकी ठरते. हे एकदा पटलं की पुढचे गैरसमज आपोआप सुटत जातात.

गैरसमज : दुकानातली लोकर ही लोकरच असते

आपल्याकडे सुयांवर विणायच्या कुठल्याही फुगीर धाग्याला लोकर म्हणायची पद्धत आहे. तालुक्याच्या दुकानात मिळणारी बहुतांश ‘लोकर’ मात्र मेंढीची नसते. ती असते ॲक्रिलिक, म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या ॲक्रिलोनायट्राइल या रसायनापासून बनवलेला कृत्रिम तंतू. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीने तो १९५० च्या सुमारास बाजारात आणला. भारतात लुधियाना हे अशा धाग्याचं मोठं केंद्र आहे. वेष्टनावर घटकांचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचावं. वेष्टन नसेल तर घरच्या घरी खात्री करता येते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवावा. खरी लोकर संथ जळते, ज्योतीबाहेर काढली की विझू पाहते, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चिमटीत चुरडणारी काळी राख उरते. सूत कागदासारखं भरभर जळतं आणि हलकी करडी राख ठेवतं. ॲक्रिलिक पेटता पेटता वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला चुरडता न येणारा कडक काळा मणी राहतो. मिश्र धाग्यात ही लक्षणं सरमिसळ होतात, त्यामुळे तिथे ही परीक्षा अंदाजापुरतीच धरावी. शुद्ध धाग्याचा निकाल मात्र ती लगेच लावते.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. केराटिनवर जगणारी पतंगाची अळी लोकर खाते. ॲक्रिलिकमध्ये तिला खायला काहीच नसतं, म्हणून ॲक्रिलिकच्या स्वेटरात डांबरगोळ्या भरणं वाया जातं. उलट ॲक्रिलिकवर कडक इस्त्री फिरवली तर तंतूंची उसळी कायमची जाते आणि विणकाम लोळागोळा होतं. कापड सांभाळायचं कसं हे धागा ओळखल्यावरच कळतं.

गैरसमज : ॲक्रिलिक हलकं, म्हणून टाकाऊ

नैसर्गिक धाग्याचा आग्रह धरणारे ॲक्रिलिकला नाकं मुरडतात. त्यांच्या बाजूने पुरावा नक्कीच आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. सूत घाम टिपतं. ॲक्रिलिक जवळपास काहीच टिपत नाही, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा किलो ॲक्रिलिक कपडे यंत्रात धुतल्यावर सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात, असा अंदाज निघाला. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तरीही त्यातून ॲक्रिलिक टाकाऊ ठरत नाही. ऊब मुख्यतः धाग्यात अडकलेल्या हवेने मिळते आणि फुगीर ॲक्रिलिक हवा चांगली धरतं. वऱ्हाडातली थंडी डिसेंबर-जानेवारीची. रात्री आणि पहाटे बोचते, दुपारी ऊन चढतं. पहाटे शेतावर किंवा शाळेत जाताना दोन तास घालायच्या स्वेटरला हिमालयातल्या लोकरीची गरज नसते. शाळकरी मुलाचा स्वेटर मळतो, वारंवार धुवावा लागतो आणि दोन वर्षांत तोकडा होतो. तिथे धुवायला सोपा, लवकर वाळणारा, कमी किमतीचा धागा ही शहाणी निवड आहे. तान्ह्या बाळाचं झबलं मात्र सुती असावं, कारण ते दिवसभर कातडीला चिकटून असतं. गरम पातेलं धरायच्या फडक्यासाठी तर ॲक्रिलिक कधीच वापरू नये. गॅसच्या ज्योतीजवळ ते वितळून बोटांना चिकटतं. तिथे जाड, दुहेरी विणलेलं सूतच हवं. एकच धागा एका कामाला योग्य आणि दुसऱ्याला धोक्याचा, हे इथे अगदी उघड दिसतं.

गैरसमज : कापूस आपला, म्हणून सुती धागा सगळ्याला चालतो आणि इथे तो स्वस्तच मिळायला हवा

वऱ्हाडात हा समज स्वाभाविक आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपूलच्या बाजाराला कापूस कमी पडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून तो तिथे ‘उमरा’ म्हणून विकला जाई. पण त्या बाजारातही तो आखूड धाग्याचा म्हणूनच ओळखला जाई. जुन्या देशी वाणांच्या तंतूची लांबी वीस मिलिमीटरच्या आसपास. २००२ नंतर पसरलेल्या बीटी संकरित वाणांची साधारण २८ ते ३० मिलिमीटर. तंतू जितका लांब, तितकी धाग्यातून बाहेर डोकावणारी टोकं कमी आणि धागा तितका गुळगुळीत व मजबूत. क्रोशाच्या तोरणाची नक्षी उठून दिसते ती अशा लांब तंतूच्या, विंचरून कातलेल्या धाग्यात. त्याला तकाकी येते ती आणखी एका प्रक्रियेने. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याचा सुतावरचा परिणाम शोधला आणि पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने धागा ताणून धरत हीच प्रक्रिया केली, तेव्हा रेशमासारखी चमक मिळाली. मर्सराइज्ड म्हणून विकला जाणारा क्रोशाचा दोरा तो हाच.

आता स्वस्ताईचं पाहू. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, त्या सूतगिरणीत जातात, मग कातणं, पदर पिळणं, मर्सराइज करणं, रंगवणं, गुंड्या करणं. दुकानातल्या गुंडीच्या किमतीत शेतातल्या कापसापेक्षा या कामांचा वाटा मोठा असतो आणि ही कामं तिवसा-मोझरीत होत नाहीत. नांदगाव पेठला होऊ घातलेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, त्यामुळे ही साखळी जवळ येण्याची आशा आहे. पण कारखाना जवळ आला म्हणून धाग्याचा स्वभाव बदलत नाही.

आणि सुताचा स्वभाव असा की त्याला स्वतःची लवचीकता जवळजवळ नसते. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, ताणला की मागे येतो. सुताने विणलेल्या स्वेटरची मनगटं आणि कंबरेची पट्टी धुण्यागणिक सैल होत जाते, वजनाने अंग खाली ओघळतं. दोन सारखे चौकोन विणून, प्रत्येकाला सारखं वजन लावून रात्रभर टांगले तर सकाळी सुती चौकोन लांबलेला दिसतो, लोकरीचा बराचसा मूळ मापावर परततो. दुसऱ्या बाजूला ओलं झाल्यावर सूत अधिक मजबूत होतं, लोकर कमजोर होते. म्हणून पिशवी, पुसणी, टेबलक्लॉथ, तोरण, उन्हाळ्यातला झिरझिरीत टॉप यांना सुताला तोड नाही. अंगाबरोबर ताणायच्या घट्ट स्वेटरला ते चालत नाही. खादीचं एकपदरी सूत विणायला घेतलं तर आणखी एक अडचण येते. त्याचा पीळ एकाच दिशेचा असल्याने सुयांवरचं कापड तिरकं जातं. दोन-तीन पदर उलट्या दिशेने पिळून घेतले की हा दोष बराच कमी होतो.

गैरसमज : खरी लोकर टोचतेच

धनगरी घोंगडं अंगाला टोचतं, त्यावरून हा निष्कर्ष निघतो. पण टोचणं हा तंतूच्या जाडीचा गुण आहे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीला बोचतात. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या खाली असते, म्हणून ती गळ्यालाही सहन होते. दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती घोंगडी आणि गालिच्यांना योग्य. पाऊस-वारा अडवणाऱ्या घोंगड्याचं बळ या भरडपणातच आहे. एखाद्याला लोकरीची खरोखर ॲलर्जी असू शकते, पण बहुतेकांचा त्रास धागा चुकल्याचा असतो. गळ्याशी किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला गुंडी घासून पाहिली की दुकानातच कळतं. तळव्याची कातडी जाड, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

गैरसमज : मऊ तो उत्तम, पदर जास्त तो जाड, नंबर मोठा तो मोठा

दुकानात मऊ लागणारा धागा बहुधा सैल पिळाचा असतो. सैल पीळ म्हणजे तंतू सुटे, आणि सुटे तंतू काखेत, कोपराशी घासून बारीक गोळ्या धरतात. रोज वापरायच्या वस्तूला थोडा कडक, घट्ट पिळाचा धागा घ्यावा. पदरांचंही तसंच. चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्यापेक्षा बारीक असू शकतो. पदर वाढले की धागा गोल आणि मजबूत होतो, जाड होईलच असं नाही. आकड्यांचा गोंधळ त्याहून मोठा. आपल्याकडे रुळलेल्या जुन्या ब्रिटिश मोजणीत १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तर ८ नंबरची ४ मिलिमीटरची, म्हणजे आकडा मोठा तशी सुई बारीक. क्रोशाच्या दोऱ्यातही ४० नंबरचा दोरा २० नंबरपेक्षा बारीक असतो. म्हणून खरेदीत मिलिमीटर विचारावेत.

बांबू किंवा दुधाच्या नावाने विकले जाणारे धागेही असेच नावावर चालतात. बाजारातला बांबूचा धागा बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेला व्हिस्कोस असतो. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने २००९ पासून अशा मालावर ‘बांबू’ लिहिणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली आहे. धागा मऊ असतो, सुंदर लोळतो, पण जंतुनाशकपणाच्या दाव्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही.

गैरसमज : अमुक ग्रॅम लोकर घेतली की स्वेटर होतो

हा हिशेब एकाच प्रकारच्या धाग्यापुरता खरा असतो. सुताची घनता सुमारे १.५४, लोकरीची १.३१, ॲक्रिलिकची १.१७. त्यामुळे साधारण सारख्याच जाडीच्या धाग्यात ५० ग्रॅम ॲक्रिलिक सुतापेक्षा अंदाजे तीस टक्के लांब भरतं. ॲक्रिलिकसाठी लिहिलेल्या नमुन्यात तेवढ्याच ग्रॅमचं सूत घेतलं तर बाही अर्धवट राहते. म्हणून मीटर मोजावेत. गुंड्या एकाच वेळी घ्याव्यात आणि वेष्टनावरचा लॉट क्रमांक जुळवावा, कारण रंगाचा नंबर तोच असला तरी दुसऱ्या घाण्यात रंगवलेल्या धाग्याची छटा वेगळी निघते आणि ती उन्हात लगेच दिसते.

शेवटी येतो नमुन्याचा चौकोन. दहा सेंटीमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून टाके मोजायचे म्हटलं की धागा आणि वेळ दोन्ही वाया जातात, असा आक्षेप येतो. उशीच्या अभ्र्याला किंवा दुपट्याला तो थोडाफार लागूही पडतो, कारण तिथे दोन बोटं इकडेतिकडे चालतात. स्वेटरला मात्र नाही. दहा सेंटीमीटरमध्ये २० ऐवजी २२ टाके बसले, तर ९० सेंटीमीटर छातीसाठी घातलेले १८० टाके सुमारे ८२ सेंटीमीटर भरतात, आणि महिनाभराचं काम उसवावं लागतं. त्यापुढे चौकोनाला लागलेला धागा काहीच नाही. शिवाय धागा आटतो का, रंग सोडतो का, धुतल्यावर ढिला पडतो का, हेही त्याच चौकोनातून कळतं.

म्हणून दुकानात रंगावर बोट ठेवण्याआधी वस्तू मनात पक्की करावी. अंगाला लागणार असेल तर जाडी आणि घाम टिपणं पाहावं, ताणली जाणार असेल तर लवचीकता, चुलीजवळ जाणार असेल तर आगीतलं वागणं, वारंवार धुवायची असेल तर पीळ. या प्रश्नांची उत्तरं वेष्टनावरच्या घटकांशी जुळवली की स्वस्त ॲक्रिलिकही बिनधास्त घेता येतं, आणि महाग लोकर जिथे खरोखर हवी तिथेच घेतली जाते.