फुलकोबीच्या पानांवरील ठिपके : ओळख व उपाय

भाताची कापणी आटोपली की पालघर तालुक्यात, जेथे विहिरीचे अगर बंधाऱ्याचे पाणी असेल तेथे, भाजीपाल्याची लागवड सुरू होते. त्यांपैकी फुलकोबी, म्हणजे बाजारात जिला फ्लॉवर म्हणतात ती, मूळची थंड हवेची. किनाऱ्याच्या दमट हवेत ती घ्यावयाची असल्यास हळव्या जातींची निवड करावी व पानांवरील ठिपक्यांकडे रोपवाटिकेपासूनच लक्ष ठेवावे. ठिपका दिसला की फवारा मारावयाचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. परंतु सर्व ठिपके एका जातीचे नसतात. ओळख चुकली तर औषधाचा खर्च फुकट जातो आणि रोग वाढतच राहतो.

सर्वसाधारणपणे आढळणारा रोग म्हणजे अल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे होणारा करपा. प्रथम खालच्या जून पानांवर बारीक काळसर टिंब दिसते. ते वाढून वाटोळे होते व त्यात एकात एक अशी वर्तुळे उमटतात. पुढे मधला भाग वाळून गळतो व पानास भोक पडते. रोग गड्ड्यावर चढल्यास त्यावर तपकिरी डाग पडून मालाची किंमत उतरते. ही बुरशी बियाण्यातून व शेतात राहिलेल्या पाल्यातून येते. पाने रात्रभर दवाने भिजलेली राहिली की तिचे फावते.

घाण्या रोगाची गोष्ट निराळी आहे. हा जिवाणूंपासून होतो. पानाच्या कडेवर साचणाऱ्या दवबिंदूंतून जिवाणू आत शिरतात, म्हणून पिवळेपणा कडेपासून सुरू होऊन मधल्या शिरेकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो. त्या भागातील शिरा काळ्या पडतात. देठ अगर खोड आडवे कापून पाहावे. आत काळी कडी दिसल्यास शंका उरत नाही. यावर बुरशीनाशकाचा उपयोग होत नाही. पूर्वी शिफारस असलेल्या स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीनच्या मिश्रणाचा शेतीतील वापर बंद करण्यासाठी केंद्र शासनाने पावले उचलली आहेत. ते कोणी देऊ केले तरी घेऊ नये. रोगट झाड मुळासकट उपटून जाळणे हेच बरे.

बोईसर-तारापूरच्या बाजूस कारखान्यांची वसाहत असल्यामुळे प्रत्येक डाग धुराचा मानण्याकडे कल होतो. धुरातील गंधकाच्या वायूने पान होरपळते तेव्हा शिरांमधील भाग फिकट पांढुरका होतो, त्यात वर्तुळे नसतात, आणि शेजारच्या इतर पिकांवर व तणांवरही एकाच वेळी तीच खूण दिसते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने कडा करपतात, परंतु शिरा काळ्या पडत नाहीत. दोन-चार दिवसांच्या अंतराने तेच झाड पुन्हा पाहावे. डाग वाढत व पसरत असतील तर तो रोग समजावा.

दोन्ही रोगांचे मूळ बियाण्यात असल्याने उपायही तेथूनच करावा. प्रक्रिया न केलेले बी ५० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात २० मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढावे व सावलीत वाळवावे. तापमापकाशिवाय हा प्रयोग करू नये. पाणी थोडे अधिक तापले तरी उगवण बिघडते. रोपे दाट ठेवू नयेत. पाणी सकाळी, सरीतून द्यावे. तुषार सिंचन टाळावे. दव सुकेपर्यंत पिकात खुरपणी करू नये, कारण ओल्या हातांनी रोग झाडाझाडांवर जातो. काढलेला पाला बांधावर टाकण्याची सवय मोडली पाहिजे. तो जमिनीत खोल गाडावा. त्याच जागेत दोन-तीन वर्षे कोबी, मुळा अगर मोहरी घेऊ नये. बांधावरचा मुळाही यात आलाच.

करप्याचे पहिले ठिपके दिसताच मॅन्कोझेब १० लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम मिसळून फवारावे. फुलकोबीचे पान मेणचट असल्याने द्रावण घरंगळते, म्हणून त्यात चिकटणारे द्रव्य घालावे. जरूर पडल्यास १० ते १२ दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद ठेवावयाची ते पुड्यावर छापलेले असते. ते वाचूनच गड्डे बाजारात न्यावेत.

ओळख पटत नसल्यास नुकतीच लागण झालेली चार-पाच पाने कोरड्या कागदात गुंडाळून डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली पाने वाटेतच कुजतात व त्यांवरून काहीच सांगता येत नाही.