जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी फिल्टर उघडून बघा!

‘इंजिन हा काही आपला प्रांत नाही’ असं म्हणून पान उलटू नका हं! गाडीची हौस घरात कुणालाही असो, पैसे जातात ते दोघांच्या पुंजीतून. अमेरिकेत, इंग्लंडात संसार थाटलेल्या आपल्या मैत्रिणींच्या घरी कधीतरी हा विषय निघतो, “जुनी पोर्श अगदी स्वस्तात मिळतेय, घेऊ या का?” तुमची लेक किंवा भावजय तिकडे असेल, तर तिला हे जरूर वाचून दाखवा.

साधारण 1997 ते 2008 या काळातल्या बॉक्स्टर आणि 911 गाड्या तिथे मानाने स्वस्त मिळतात. त्याचं एक कारण म्हणजे एका लहानशा बेअरिंगची धास्ती.

बेअरिंग तुम्हाला नवं नाही. टेबलफॅन खरखरू लागला की आपण म्हणतो ना, ‘बेअरिंग गेलं वाटतं!’ या गाड्यांच्या इंजिनाच्या पोटात एक मधला दांडा आहे. झडपा उघडमीट करणाऱ्या साखळ्या त्याच्यावर चालतात, आणि त्याचं एक टोक बंद डबीसारख्या बेअरिंगवर फिरतं. आतलं ग्रीस काही वर्षांनी धुऊन जातं, बाहेरचं ताजं तेल आत नीट खेळत नाही. मग गोळ्या झिजतात, दांडा डगमगतो, साखळीचा मेळ चुकतो आणि झडपा पिस्टनवर आपटतात. एवढ्याशा वस्तूपायी सगळं इंजिन भंगारात!

पण घाबरून जाऊ नका. सगळ्या गाड्यांना सारखा धोका नाही. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचं, दणकट बेअरिंग होतं. साधारण 2000 ते 2005 च्या गाड्यांत एकाच रांगेचं आलं, तेच सर्वांत नाजूक. 2001 ते 2005 च्या गाड्यांबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी दावा केला आणि 2013 च्या सुमारास तडजोड झाली. त्या खटल्यातले आकडे असे: एकरांगी बेअरिंग शंभरात सुमारे 8 गाड्यांत बिघडलं, दोन रांगांचं शंभरात एकाहूनही कमी. 2006 नंतरचं बेअरिंग मोठं आणि भक्कम आहे, मात्र ते काढायचं तर सगळं इंजिन खोलावं लागतं. त्या काळातल्या 911 टर्बो आणि जीटी3 यांचं इंजिनच वेगळं, आणि 2009 च्या मॉडेलपासून हे बेअरिंगच राहिलं नाही.

मग बघायचं काय?

1. ऑइल फिल्टर: आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तो काढून कागदाच्या घड्या उलगडायला सांगा. तांदूळ निवडताना बघतो तसं उजेडात निरखा. चकचकीत कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. कण चिकटले तर ते पोलादाचे, म्हणजे बेअरिंगचे असू शकतात. अशी गाडी तिथेच सोडा.

2. तेलाची गळती: इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून ओल आहे का बघा. बेअरिंगचं झाकण तिथेच असतं. गळती म्हणजे बेअरिंग गेलंच असं नव्हे, पण कारण शोधायलाच हवं.

3. बिलं: “बेअरिंग बदललंय” या शब्दावर विसंबू नका, बिल मागा. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते बदलता येत नाही, म्हणून बहुतेक जण क्लचबरोबरच ते उरकून घेतात. तेल वेळेवर बदलल्याच्या नोंदीही पाहा.

4. वापर: कमी चाललेली गाडी चांगली, असं आपल्याला वाटतं. इथे मात्र वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नियमित चालवलेली बरी.

आवाजावर मात्र भिस्त ठेवू नका. खडखड ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणजे जन्माची हमी मिळाली असंही नाही. तेव्हा एकरांगी बेअरिंगची गाडी घ्यायचीच असेल, तर ते बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.

विकणारा फिल्टर उघडू देत नसेल तर? भाजीवाल्याने फणस कापून दाखवायला नकार दिला तर आपण काय करतो? पिशवी उचलतो आणि पुढे जातो!